वऱ्हाडचा कापूस आणि सातासमुद्रापलीकडचे एक खाडीमुख

दसरा-दिवाळी उलटली की यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा, पुसद या परिसरातील घराघरांत एकच विषय निघतो : यंदा कापसाला भाव काय? वेचणी चालू असते, घरातील एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते, बँकेचे आणि सावकाराचे देणे दाराशी उभे असते, आणि भाव मात्र आपल्या हाती नसतो. हा भाव ठरवतो तरी कोण, असा प्रश्न ज्याला कधी पडला नाही असा कास्तकार आमच्या पाहण्यात नाही. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु यवतमाळच्या कापसाचा भाव तेरा हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या युद्धाने पहिल्यांदा कधी आणि कसा हलवला, ती हकीकत मात्र वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. तिच्या मध्यभागी आहे समुद्रकिनाऱ्यावरील एक अरुंद खाडीमुख. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील या खाडीमुखाचे नाव न्यू इन्लेट.

आमच्या विदर्भातील वाचकांपैकी अनेकांनी खाडी पाहिली नसेल. वसई-पालघरकडे ज्यांचे सोयरे आहेत त्यांना हे सांगावयास नको. नदी समुद्राला मिळते तेथे भरतीचे पाणी आत शिरते आणि गोडे पाणी बाहेर पडू पाहते. या ओढाताणीत वाळूचे दांडे तयार होतात व त्यांच्यामधून जहाज जाऊ शकेल अशी एखादीच खोल वाट उरते. ती वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात नदीकाठचे बंदर आणि बंदरामागचा सारा मुलूख. वैतरणेच्या मुखावर अर्नाळ्याचा जलदुर्ग उगाच बांधलेला नाही. मराठ्यांनी १७३७ साली वसईच्या मोहिमेत हात घातला तेव्हा तो आरंभीच ताब्यात घेतला, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईचा कोट पडला.

आता अमेरिकेकडे वळू. १८६१ च्या एप्रिलमध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवून धरण्यासाठी दक्षिणेकडील राज्यांनी संघराज्यातून फुटून आपले वेगळे सरकार स्थापिले होते. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १९ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेकडे कारखाने थोडे. बंदुका, दारूगोळा, औषधे, जोडे, कापड हे सारे परदेशातून आणावे लागणार आणि त्याची किंमत चुकवायची ती कापसाने. समुद्र बंद केला म्हणजे कापूस बाहेर जाणार नाही, आणि कापूस बाहेर गेला नाही म्हणजे बंदूक आत येणार नाही, असा हा साधा हिशेब होता.

हिशेब साधा, पण अंमल कठीण. किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा, आणि आरंभी उत्तरेच्या आरमाराजवळ कामाला येतील अशी जहाजे मोजकीच. त्यातून १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात युरोपातील राष्ट्रांनी असे ठरवले होते की नाकेबंदी नुसती कागदावर असून चालणार नाही, ती प्रत्यक्षात परिणामकारक असली तरच इतर देशांवर बंधनकारक ठरेल. एखाद्या बंदरात जहाजे राजरोस ये-जा करू लागली तर इंग्लंड-फ्रान्ससारख्या देशांना नाकेबंदी मानण्यास नकार देता आला असता. म्हणून लहानसहान खाडीमुखांनाही मोठे मोल आले. उत्तरेने ऑगस्ट १८६१ मध्ये हॅटरस इन्लेट घेतले, नोव्हेंबरमध्ये पोर्ट रॉयलची खाडी घेतली, १८६२ च्या एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स हे दक्षिणेचे सर्वांत मोठे शहर घेतले. एकेक दार लागत गेले. उघडे राहिले ते मुख्यतः केप फिअर नदीवरील विल्मिंग्टन.

विल्मिंग्टन समुद्रावर नाही. ते नदीमुखापासून सुमारे अठ्ठावीस मैल आत आहे, त्यामुळे समुद्रातील तोफा त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय त्या नदीला त्या काळी दोन तोंडे होती. दक्षिणेकडचे जुने मुख फोर्ट कॅस्वेल या किल्ल्याच्या पहाऱ्यात होते. दुसरे, पूर्वेकडे उघडणारे, ते न्यू इन्लेट. १७६१ सालच्या एका प्रचंड वादळाने वाळूचा दांडा फोडला आणि ही नवी वाट पडली, म्हणून हे नाव. दोन्ही मुखांमधील सरळ अंतर सहाएक मैलांचे. पण मध्ये स्मिथ बेट आणि त्याच्यापुढे समुद्रात वीस-पंचवीस मैलांपर्यंत पसरलेली उथळ वाळू. एका मुखावरून दुसऱ्या मुखावर जाण्यास गस्तीच्या जहाजांना चाळीस-पन्नास मैलांचा वळसा पडे. त्यामुळे उत्तरेला एका बंदरासाठी दोन पहारे बसवावे लागले, आणि त्या दोघांना एकमेकांच्या मदतीस धावणे कठीण झाले. खाडीमुखाचे लष्करी महत्त्व म्हणतात ते हेच : जहाजांची संख्या कमी असलेल्या पक्षाला जमीन आणि वाळू यांनी दिलेली साथ.

न्यू इन्लेटच्या कडेला दक्षिणेने फोर्ट फिशर हा किल्ला उभा केला. आपल्याकडील किल्ल्यांची कल्पना मनात धरून चालणार नाही. येथे दगडी तट नव्हते. वाळू आणि मातीचे जाड, उंच बंधारे इंग्रजी एल अक्षराच्या आकारात घातलेले होते. दगडी भिंत तोफगोळ्याने फुटते. वाळूत गोळा रुततो आणि वाळू पुन्हा खाली घसरून खळगा भरून टाकते. १८६२ च्या जुलैपासून कर्नल विल्यम लॅम्ब यांच्या देखरेखीखाली हा किल्ला वाढत गेला. तो उभारण्यात सैनिकांबरोबर शेकडो गुलामांचे सक्तीचे श्रम खर्ची पडले, हे नमूद केलेच पाहिजे. किल्ल्याच्या तोफा लांब पल्ल्याच्या असल्याने गस्तीच्या जहाजांना किनाऱ्यापासून दूर राहावे लागे, आणि मधल्या पट्ट्यातून नाकेबंदी चुकवणारी जहाजे आत घुसत.

ही जहाजेही खास घडणीची. लांबट, बसकी, पाण्यात फार खोल न जाणारी, वाफेवर चालणारी. रंग धुकट करडा. कोळसा शक्यतो धूर न करणारा. बहामातील नासाऊ येथून विल्मिंग्टन ५७० मैल, बर्म्युडाहून ६७४ मैल. प्रवास सुमारे तीन दिवसांचा. शेवटची रात्र चांदणे नसलेली असावी आणि वेळ भरतीची असावी, असे गणित मांडून निघावयाचे. सारे दिवे विझवलेले, खलाशांना बोलण्याची मनाई, आणि सुकाणूजवळ त्या वाळूची नस जाणणारा स्थानिक वाटाड्या. किल्ल्याकडून दिव्यांच्या खुणा मिळत. दोन-तीन फेऱ्या सुखरूप झाल्या तर जहाजाची किंमत निघून वर नफा राही. म्हणूनच इंग्लंडमधील व्यापारी हा जुगार खेळत होते.

आत येताना बंदुका, काडतुसे, शिसे, घोंगड्या, डबाबंद मांस. बाहेर जाताना कापूस. विल्मिंग्टनसमोर नदीच्या पलीकडच्या काठावर वाफेचे दाब बसवलेले होते. त्यांत कापसाच्या गाठी आणखी दाबून लहान करीत आणि डेकवरही रचून घेत. ज्यांचे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात गेले त्या आमच्या वाचकांना हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास कष्ट पडणार नाहीत. दक्षिणेच्या सैन्याने युद्धात वापरलेल्या आधुनिक बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक अशा रीतीने नाकेबंदी चुकवून आलेल्या होत्या. शेवटच्या वर्षात सेनापती रॉबर्ट ली यांचे व्हर्जिनियातील सैन्य विल्मिंग्टनहून रेल्वेने जाणाऱ्या रसदीवर बऱ्याच अंशी जगत होते.

या वाटेने मालाबरोबर आणखीही काही आत आले. १८६२ च्या उन्हाळ्यात 'केट' नावाचे जहाज नासाऊहून आले आणि त्याच्यासोबत पीतज्वर आला. शहर सोडून जाणे ज्यांना शक्य होते ते निघून गेले. उरलेल्यांपैकी सहाशेहून अधिक माणसे काही आठवड्यांत दगावली. त्या वेळी चार्ल्सटनच्या धर्मप्रांतातून अवर लेडी ऑफ मर्सी या संस्थेच्या धर्मभगिनी विल्मिंग्टनला आल्या आणि त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. शत्रू कोण, मित्र कोण, यावर चाललेल्या त्या गदारोळात या भगिनींची हकीकत युद्धाच्या ग्रंथांत दोन ओळींपलीकडे सहसा येत नाही.

त्याच सप्टेंबरमध्ये, २१ तारखेच्या रात्री, विल्यम गूल्ड नावाचा एक गुलाम गवंडी सात सोबत्यांसह एका होडीत बसला आणि अंधारात केप फिअर नदीतून समुद्राकडे वल्हवू लागला. किल्ल्याच्या पहाऱ्याखालून निसटून दुसऱ्या दिवशी सकाळी ते उत्तरेच्या 'केंब्रिज' या गस्तीच्या जहाजापर्यंत पोहोचले. व्यापाऱ्यांची जहाजे ज्या नौकांना चुकवून पळत, त्याच नौकांकडे ही आठ माणसे जीव मुठीत धरून गेली. गूल्ड आरमारात भरती झाले आणि त्यांनी रोजनिशी ठेवली. गुलामगिरीतून सुटलेल्या खलाशाची अशी रोजनिशी फार दुर्मिळ आहे. युद्धानंतर ते मॅसॅच्युसेट्समधील डेडहॅम येथे स्थायिक झाले. तेथील सेंट मेरीज या कॅथोलिक चर्चच्या गिलाव्याचे काम त्यांनी घेतले होते. आपल्या कामगारांनी गिलाव्याचे मिश्रण नीट केलेले नाही हे लक्षात येताच त्यांनी झालेले काम काढून टाकून स्वखर्चाने पुन्हा केले. ते स्वतः एपिस्कोपल पंथाचे होते. २०२३ साली डेडहॅममध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. विषयापासून आम्ही थोडे बाजूला गेलो खरे; पण कापसाच्या गाठी मोजताना ती बोंडे वेचणारे हात कोणाचे होते, याचा विसर पडू नये.

आता या खाडीमुखाचा आणि वणी-यवतमाळच्या काळ्या जमिनीचा संबंध कसा जोडला जातो ते पाहू.

१८६० साली इंग्लंडने आयात केलेल्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून आलेला होता. लँकेशायर परगण्यातील गिरण्या त्यावर चालत. आपला कापूस थांबला तर इंग्लंड नाक मुठीत धरून आपल्या मदतीस येईल, अशी दक्षिणेच्या पुढाऱ्यांची समजूत होती. म्हणून १८६१ मध्ये त्यांनी आपण होऊनच कापूस रोखून धरला. ही चूक त्यांना महाग पडली. आधीच्या वर्षीचे पीक अमाप झाले होते, इंग्लंडची कोठारे भरलेली होती, आणि ज्या काळात नाकेबंदी ढिली होती तोच काळ वाया गेला. पुढे कापूस पाठवावासा वाटला तेव्हा समुद्र आवळला गेला होता. युद्धापूर्वीच्या तीन वर्षांत दक्षिणेने सुमारे एक कोटी गाठी परदेशी धाडल्या होत्या. युद्धाच्या काळात नाकेबंदी चुकवून गेल्या त्या सुमारे पाच लाख. येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. न्यू इन्लेटमधून येणारी बंदूक युद्ध लांबवण्यास पुरेशी होती, पण तेथून जाणारा कापूस गिरण्या चालवण्यास पुरेसा नव्हता. युद्ध लांबत राहिले आणि कापूस दुर्मिळ होत राहिला. वऱ्हाडात भाव चढला तो या दुहेरी कारणाने.

१८६२ च्या अखेरीस लँकेशायरमध्ये सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. असे असूनही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकन यांना पाठिंबा कळवला आणि १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी त्यांना उत्तर धाडले. कापसाअभावी स्वतःची चूल थंडावलेली असताना कापूस वेचणाऱ्या गुलामांच्या बाजूने उभे राहणे ही सामान्य गोष्ट नव्हती. मँचेस्टरमधील लिंकन यांचा पुतळा या पत्रव्यवहाराची साक्ष देतो. अर्थात सर्वच कामगारांचे मत एक होते असे नाही. काही गावांत दक्षिणेविषयी सहानुभूतीही होती.

गिरण्यांना मग हिंदुस्थानच्या कापसाकडे वळावे लागले. मुंबईहून जाणाऱ्या या मालाला तेथे सरसकट 'सुरत' म्हणत, आणि त्याचा लौकिक वाईट होता. धागा आखूड, त्यात कचरा, माती, कधी वजन वाढवण्यासाठी मारलेले पाणी. एका प्रार्थनासभेत धर्मोपदेशकाने कापसासाठी देवाची करुणा भाकली तेव्हा मागून एका कामगाराने, कापूस दे पण सुरतेचा नको, अशी पुस्ती जोडल्याची गोष्ट लँकेशायरमध्ये सांगतात. वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना पिकणारा 'बनी' कापूस मात्र याला अपवाद समजला जाई. हिंगणघाटच्या नावाने तो बाजारात ओळखला जात असे आणि देशी वाणांत त्याचा धागा सरस होता. हा पट्टा म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्याची पूर्व बाजू.

आपला जिल्हा तेव्हा या नावाने नव्हता. निजामाच्या राज्यातील वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात आले होते. त्याच्या आग्नेय भागाचा १८६४ मध्ये, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना, वेगळा जिल्हा झाला. वणीवरून त्याला 'वूण' म्हणत. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा त्याला यवतमाळचे नाव मिळाले.

लिव्हरपूलच्या बाजारात युद्धापूर्वी अमेरिकी कापूस रत्तलाला सात-आठ पेन्स होता. १८६४ मध्ये तो तीस पेन्सांच्या घरात गेला, आणि त्याच्यामागोमाग हिंदी कापूसही चढला. हिंदुस्थानातून निर्यात होणाऱ्या कापसाचे मोल १८६० साली सुमारे ५६ लाख पौंड होते, ते १८६५ साली पावणेचार कोटी पौंड झाले. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या शब्दावर बँका पैसा देत. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचे भाग कित्येक पटींनी विकले गेले. आमच्या वाचकांनी हा योगायोग पाहावा : एका खाडीच्या कोंडीतून आलेला पैसा दुसऱ्या खाडीत भर घालण्यासाठी धावत होता.

वऱ्हाडच्या गावांत काय झाले? पूर्वी येथील कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवर गोण्या लादून दूर गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पाचशे मैलांची ती वाट, धूळ आणि पाऊस सोसून कापूस मळून जाई. पुढे ओघ मुंबईकडे वळला. बंड्या आणि लादणीचे बैल पश्चिमेकडे चालू लागले. रेल्वे अजून पोहोचली नव्हती. भोर घाटातून गाडी १८६३ मध्ये सुरू झाली, थळ घाटातून १८६५ च्या आरंभी. मुंबईचा दलाल आणि त्याचा हस्तक खेड्यापर्यंत येऊन उभ्या पिकावर उचल देऊ लागला. कास्तकारांनी नांगराचे फाळ आणि गाडीच्या चाकांच्या धावा चांदीच्या करून घेतल्याच्या कथा इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. दोन-चार गावांत तसे घडलेही असेल. परंतु ज्वारीचीही महागाई तेवढीच झाली होती हे त्या कथांत येत नाही. शेत ज्याचे स्वतःचे, त्याला चार पैसे दिसले. मजुराला वाढलेल्या भावाने दाणे विकत घ्यावे लागले. घरी सूत कातणाऱ्या बाईला आणि कोष्टी, साळी, महार विणकरांना कापूसच परवडेनासा झाला. मोठी झळ बसली ती त्यांना, आणि त्यांच्याकडे चांदी नसल्याने त्यांची कथा कोणी लिहिली नाही.

तिकडे १८६४ च्या ऑगस्टमध्ये मोबाइलची खाडी उत्तरेने घेतली आणि पूर्व किनाऱ्यावर विल्मिंग्टन हे एकच मोठे दार उरले. न्यू इन्लेटबाहेर गस्तीची तीसेक जहाजे उभी राहू लागली. १ ऑक्टोबर १८६४ च्या पहाटे 'कॉन्डर' हे जहाज त्यांना चुकवताना वाळूत रुतले. त्यावर रोझ ग्रीनहाउ ही दक्षिणेची विख्यात हेर होती. ती होडीत उतरली, होडी उलटली, आणि अंगावर बांधलेल्या सोन्याच्या नाण्यांच्या वजनाने ती बुडाली. ती कॅथोलिक होती; विल्मिंग्टनच्या ओकडेल दफनभूमीत तिला मूठमाती देण्यात आली.

नाताळच्या आदल्या पहाटे, २४ डिसेंबरला, उत्तरेच्या आरमाराने दोनशेहून अधिक टन दारूने भरलेले एक जुने जहाज किल्ल्याजवळ नेऊन उडवले. वाळूच्या तटाला ओरखडाही उमटला नाही. नाताळच्या दिवशी सेनापती बटलर यांनी सैनिक किनाऱ्यावर उतरवले आणि किल्ला अभेद्य समजून परत फिरवले. तीन आठवड्यांनी, १३ जानेवारी १८६५ रोजी, ५८ जहाजे पुन्हा आली. आरमाराचे नेतृत्व डेव्हिड पोर्टर यांच्याकडे, सैन्याचे आल्फ्रेड टेरी यांच्याकडे. किल्ल्यात सुमारे १९०० माणसे. दोन दिवस तोफा चालल्या. १५ तारखेला दुपारपासून रात्रीपर्यंत एकेका बंधाऱ्यावर हातघाईची लढाई झाली आणि रात्री किल्ला पडला. विजेत्यांनी किल्ल्यावरील खुणेचे दिवे पूर्वीसारखेच लावून ठेवले. काही दिवसांनी 'स्टॅग' आणि 'शार्लट' ही दोन जहाजे त्या दिव्यांवर विश्वासून खाडीमुखातून आत आली, नांगर टाकला, आणि मग त्यांना कळले.

२२ फेब्रुवारीला विल्मिंग्टन गेले. ९ एप्रिल १८६५ रोजी ली यांनी शरणागती पत्करली. विल्मिंग्टनचे दार लागल्यानंतर तीन महिन्यांच्या आत दक्षिणेचे मुख्य सैन्य संपले, यावरूनच त्या वाळूच्या वाटेचे मोल कळते.

युरोपची तार तेव्हा हिंदुस्थानला नुकतीच जोडली जात होती. बहुतेक बातम्या टपालाच्या आगबोटीने, आठवड्यांच्या अंतराने येत. ली हरल्याची वार्ता मुंबईत आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस उगवला तेव्हा देणेकऱ्यांकडे द्यायला काही नव्हते. व्यापारी बुडाले, प्रेमचंद रायचंद बुडाले, पुढे १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही मोडीत निघाली. प्रेमचंदांनी भरभराटीत दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो १८७८ मध्ये पुरा झाला. निर्यात कापसाचे मोल १८६७ साली साडेसोळा कोटी रुपयांच्या, म्हणजे एक कोटी पासष्ट लाख पौंडांच्या आसपास खाली आले.

मुंबईच्या शेठजींची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. गावातील कास्तकाराने मात्र चढत्या भावाच्या भरवशावर उचल घेतलेली होती, ज्वारीचे वावर कापसाखाली आणलेले होते, आणि १८६० च्या दशकातील जमीन मोजणीनंतर सारा रोकडीत भरावयाचा होता. भाव उतरला, देणे उतरले नाही. कापूस सोडून ज्वारीकडे पूर्णपणे परतणेही शक्य नव्हते, कारण रोकड देणारे पीक तेच. आमच्या मते वऱ्हाडच्या शेतीचा स्वभाव बदलला तो येथे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत कापसाच्या या समृद्ध प्रदेशात माणसे अन्नावाचून मेली, त्याची मुळे शोधताना १८६० च्या दशकापर्यंत मागे जावे लागते.

रेल्वे आली ती भाव गेल्यावर. नागपूरला गाडी पोहोचली १८६७ च्या फेब्रुवारीत, खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. कापूस नेण्यासाठी आलेल्या या गाडीतून परतीच्या वाटेने मँचेस्टरचे कापड येऊ लागले. इंग्रजांचे कापूस कमिशनर रिव्हेट-कारनॅक यांना यात समाधान वाटे. विणकर कापड विणणे सोडून शेतात उतरला तर कापूस आणखी पिकेल, असा त्यांचा हिशेब होता. यवतमाळचा कापूस बंडीने धामणगाव स्टेशनवर जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी झाली, तीच आपली 'शकुंतला'. तिचे १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन मँचेस्टरचेच होते आणि ते १९९४ पर्यंत धावले. आता ती गाडीही थांबलेली आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसवली आणि त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. येथे नवा कापूस घरात येण्याच्या सुमारास बाहेरचा स्वस्त कापूस गिरण्यांना मोकळा झाला. अमेरिकेची दारे बंद झाली तेव्हा वऱ्हाडचा भाव चढला होता. या वेळी दार आपले उघडले होते.

न्यू इन्लेट आता राहिलेले नाही. त्या वाटेने नदीचे पाणी फुटून मुख्य प्रवाह गाळाने भरत होता, म्हणून अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी १८७० च्या दशकात तेथे दगड टाकण्यास सुरुवात केली आणि १८८१ मध्ये बांध पुरा करून ते बंद केले. फोर्ट फिशरचा समुद्राकडील बराचसा तट लाटांनी नेला. उरलेले बंधारे गवताखाली आहेत. ओहोटीच्या वेळी लोक त्या दगडी बांधावरून चालत जातात.